ह. मु. सुरत : नोंद गावाकडून सुरू करा

प्रश्न शिरपूर तालुक्यातल्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा : आमच्या गावातली बरीच घरं सुरतेला गेली, काका लिंबायतला राहतात. या लोकांबद्दल कुठेच काही लिहिलेलं सापडत नाही. त्यांचं जगणं नोंदवून ठेवायचं आहे. कोणाला भेटू, काय विचारू, रेकॉर्डिंग कशावर करू आणि नंतर ते ठेवू कुठे?

धुळे-नंदुरबारकडची गावं आणि सुरतेतल्या वस्त्या अशा दोन्ही टोकांना मी हे काम बरीच वर्षं करत आलो आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी प्रश्नातच थोडी दुरुस्ती सुचवतो.

तुमच्या प्रश्नामागचं ‘सुरतेतला खान्देशी माणूस दुर्लक्षित आहे’ हे गृहीतक अर्धंच खरं. जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतला जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत, २०२० मध्ये ते गुजरातेत आपल्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये केंद्रात मंत्री. नवसारी मतदारसंघात लिंबायत, उधना हे सुरतेचे भाग येतात आणि तिथे मराठी मतं मोजल्याशिवाय कोणाचं गणित जुळत नाही. श्रावणात कानबाईची, म्हणजे खान्देशातल्या घरोघरच्या देवीची, मिरवणूक निघते तेव्हा उधना-डिंडोलीकडचे रस्ते भरून जातात. असा समाज दिसत नाही, असं कसं म्हणणार? दिसतो. पण त्याचा जो भाग दिसतो तोच पुन्हा पुन्हा दिसतो. तुमच्या कामाची खरी जागा त्याच्या मागे आहे : साडीला टिकल्या चिकटवणारी बाई, डाइंग मिलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली असलेला माणूस, मार्केटमध्ये गठ्ठे वाहणारा, सकाळी नाक्यावर उभा राहणारा बांधकाम मजूर आणि शहराच्या कडेला ऊसतोडीच्या पडावात, म्हणजे टोळीच्या तळावर, राहणारं, शहादा-अक्कलकुव्याकडून आलेलं पावरा नाहीतर भिल्ल कुटुंब. खान्देशातून गेलेले मुसलमानही यात आहेत. ‘खान्देशी’ म्हटलं की मंडळाच्या यादीत ते बहुतेक वेळा नसतातच.

नव्या माणसाची गाडी इथेच अडकते. तुम्ही सुरतेत उतरलात की पहिला भेटेल तो समाजमंडळाचा पदाधिकारी. माणूस चांगला असतो, चहा पाजतो, चार जणांना फोन लावतो. आणि ते चार जण त्याच्यासारखेच असतात : तीस-चाळीस वर्षांपूर्वी आले, हालात दिवस काढले, आता स्वतःचं घर आहे, मुलगा शिकला. त्यांची गोष्ट खोटी नाही आणि तीही घ्यायलाच हवी. पण ती इतक्यांदा सांगून झालेली असते की घडीच्या साडीसारखी हातात येते. ती मोडून बघायला तुमच्याकडे दुसरीकडून आलेली माहिती असावी लागते. म्हणून मी म्हणतो की सुरत नंतर, गाव आधी.

गावात काय आहे? सगळ्यात आधी लग्नपत्रिका. आपल्याकडच्या पत्रिकांवर मूळ गावाच्या नावाखाली ‘ह. मु. सुरत’ म्हणजे ‘हल्ली मुक्काम सुरत’ असं छापलेलं असतं, कधी पुढे सोसायटीचं नाव आणि प्लॉट नंबरही. निमंत्रकांच्या यादीत काका, मामा, व्याही यांची गावं असतात. एका गावातल्या पाच-सात घरांनी ट्रंकेत जपलेल्या जुन्या पत्रिका वर्षवार लावून बघा. कोणत्या भाऊबंदाने सुरतेत कोणत्या भागात आधी पाय रोवले, मग त्याच्या आजूबाजूला कोण आलं, मुली कुठे दिल्या, कोणत्या साली लग्नं गावाऐवजी सुरतेच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, व्हायला लागली, हे सगळं त्या कागदांत असतं. उत्तरकार्याच्या छापील पत्रांचंही तेच. कुठलाही सरकारी तक्ता ही माहिती देत नाही.

मग शाळा. जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाने शाळा कधी सोडली आणि का सोडली याचे रकाने असतात. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, नावं उतरवू नका, फक्त वर्षवार आकडे आणि कारणं टिपा. कोणत्या वर्षी गळती एकदम वाढली ते कळलं की त्या वर्षाबद्दल लोकांना विचारता येतं. आणि दिवाळीत गावाच्या चौकात उभ्या असलेल्या गाड्या बघा. एमएच १८ च्या रांगेत जीजे ०५ किती दिसतात यावरूनही अंदाज येतो. हे शास्त्र नव्हे, पण बोलायला विषय मिळतो, आणि गावात बोलायला विषय लागतो.

वाटही नोंदवा. तापी खोऱ्यातली उधना-नंदुरबार-अमळनेर-जळगाव ही रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर झाली, आणि खान्देशाला मुंबई-पुण्याइतकीच सुरत जवळची वाटण्यामागे ही लाइन आहे. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तुमच्या शिरपूरला रेल्वे नाही, त्यामुळे तुमचे लोक नरडाण्याला नाहीतर दोंडाईचाला येऊन गाडी धरत असतील, किंवा सरळ एसटीने जात असतील. हा फरक किरकोळ नाही. एसटीने जाणारा माणूस एकटा पिशवी घेऊन जातो, रेल्वेच्या जनरल डब्यातून कुटुंब, धान्याचं पोतं आणि कधी शेळीसुद्धा जाते. कोण काय सोबत नेऊ शकलं, यावर पहिलं वर्ष कसं गेलं ते बरंच ठरतं.

जाण्याची कारणं विचारताना एकच कारण पकडून बसू नका. १९७२ चा दुष्काळ सगळे सांगतील. तो खराच, पण त्याच्या आसपास आणि पुढच्या काळात आणखीही काही घडत होतं. सुरतेत कृत्रिम धाग्याच्या कापडाचा धंदा वाढत होता, आणि इकडे अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगावच्या कापड गिरण्यांना उतरती कळा लागून त्या बंद पडत गेल्या. गिरणीतून गेलेला माणूस आणि शेतातून गेलेला माणूस सुरतेत एकाच खोलीवर राहिले तरी एकसारखे मजूर नव्हते. पहिल्याला यंत्राची सवय होती, युनियन माहीत होती. दुसऱ्याला पाऊस पडला की गावाकडे पळायचं होतं. उकाई धरण १९७२ मध्ये पुरं झालं, त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे लोक ही आणखी तिसरी तऱ्हा. सगळ्यांना ‘पोटासाठी गेले’ या एका ओळीत बसवलंत तर तुमच्या नोंदीचा उपयोग शून्य.

आता आकड्यांबद्दल, कारण तुमचे मार्गदर्शक पहिल्याच भेटीत ‘एकूण किती?’ विचारतील. जनगणनेच्या स्थलांतर तक्त्यांतून महाराष्ट्रातून सुरतेत आलेल्यांचा आकडा निघतो, पण महाराष्ट्र म्हणजे सगळा महाराष्ट्र, त्यात खान्देश वेगळा दिसत नाही. सुरतेत जन्मलेली मुलं जन्मस्थळाच्या हिशोबाने स्थलांतरित ठरतच नाहीत. मग भाषेवरून मोजावं म्हणाल, तर जनगणना खान्देशीला (अहिराणी तिच्यातच येते) मराठीपासून वेगळी भाषा धरते आणि २०११ मध्ये देशभरात तिचे साडेअठरा लाखांच्या वर भाषक नोंदले गेले. पण प्रगणकाने विचारल्यावर घरात अहिराणी बोलणारे कितीतरी लोक ‘मराठी’ असंच सांगतात. शिकलेले तर हमखास. आणि ऊसतोडीला गेलेल्यांचं काय? २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. पुढच्या गणनेचा संदर्भ दिनांकही १ मार्च २०२७ ठरला आहे. नियम असा की गणनेचा सगळा काळ घरापासून दूर असलेला माणूस जिथे असेल तिथे मोजायचा. उसाच्या फडाशेजारच्या कोपीपर्यंत, म्हणजे झोपडीपर्यंत, प्रगणक किती वेळा पोहोचतो, हे तुम्हीच पडावावर जाऊन विचारा. तेव्हा मार्गदर्शकांना सांगा की एकूण आकडा हे काम देणार नाही. एक गाव आणि एक गल्ली पूर्ण देईल. खरं तर एवढंच ठरवून घ्या : तुमच्या गावातली सुरतेशी संबंध असलेली सगळी घरं, आणि त्यातली जास्तीत जास्त जिथे राहतात तो सुरतेतला एक भाग. यापेक्षा मोठा घास घेऊ नका.

काय विचारायचं? ‘तुम्ही सुरतेला का आलात?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा नाही. त्याचं उत्तर ठरलेलं आहे : ‘पोट भराले उनू’ (पोट भरायला आलो). झालं, विषय संपला. त्याऐवजी बारीक आणि हाताला लागेल असं विचारा. पहिल्यांदा आलात तेव्हा सोबत कोण होतं? रात्री कोणाच्या खोलीवर उतरलात? त्या खोलीत किती जण आणि झोपायची पाळी कशी असायची? लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा तासांची पाळी असते, दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर पडतो. हे कोणी आपणहून सांगत नाही, कारण सांगण्यासारखं आहे असंच त्यांना वाटत नाही. पहिला पगार कोणाच्या हातात दिला? काम शिकवणारा कोण होता आणि तो शिवी कोणत्या भाषेत द्यायचा? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण त्यावर माणूस हसतो आणि मग मोकळा बोलतो. शिवाय खात्यातला मास्तर कुठला होता, ओडिया की उत्तर प्रदेशी की गुजराती, हे त्यातून कळतं.

सालं कोणाला आठवत नाहीत, त्यासाठी खुंट्या लागतात. सप्टेंबर १९९४ चा प्लेग : लाखो लोकांनी सुरत सोडली, आपले लोक मिळेल त्या गाडीने गावाला आले, आणि काही गावांनी त्यांचं स्वागत केलं तर काहींनी त्यांना वेशीबाहेर ठेवलं. ही बाजू गावात विचारा, सुरतेत नको. ऑगस्ट २००६ चा पूर : उकाईतून पाणी सोडलं आणि शहर बुडालं. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी आणि कापड व्यापाऱ्यांचा बंद, मार्च २०२० ची टाळेबंदी. ‘पुराच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की साल अचूक मिळतं. माझ्या मते प्लेग आणि टाळेबंदी हे दोन प्रश्न प्रत्येकाला विचारावेत. शहर बंद पडतं तेव्हा माणूस कोणाकडे धावतो, यावरून त्याचं घर कुठे आहे ते समजतं. घर सुरतेत आहे असं वर्षानुवर्षं सांगणारेही टाळेबंदीत महामार्गाने नवापूरच्या दिशेला चालत निघाले होते.

बायकांच्या मुलाखतीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण बहुतेक संग्रह इथे कोरे राहतात. पुरुषासमोर बाईला विचाराल, ‘तुम्ही काय काम करता?’ तर ती म्हणेल, ‘काहीच नही करस, घरमाच राहस.’ हे बोलताना तिच्या मांडीवर साडी असते आणि ती धागे कापत असते! टिकल्या, लेसपट्टी, धागा कटिंग, घडी घालणं ही कामं नगावर मिळतात. गठ्ठा घरी येतो, घरातल्या मुलीही हात लावतात, हिशोब गठ्ठा आणून देणाऱ्याच्या वहीत राहतो. ही बाई कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, आणि स्वतःच्या तोंडीही कामगार नाही. म्हणून तिला कामाबद्दल विचारूच नका. कालचा दिवस विचारा. काल किती वाजता उठलात, मग काय केलं, मग? पाणी कधी आलं? गठ्ठा कोण घेऊन आलं? रात्री दिवा कधी बंद केला? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीतही आदल्या दिवसाचे चोवीस तास असेच विचारले होते. पद्धत साधी आहे आणि बाईला परीक्षेला बसल्यासारखं वाटत नाही. दुपारी पुरुष कामावर असताना जा, सोबत मैत्रीण किंवा बहीण घेऊन जा, आणि बसल्या बसल्या तिच्याबरोबर धागे कापा. नगावरच्या कामात तुमच्यासाठी घालवलेला तास म्हणजे तिचा बुडालेला पैसा. हात चालू राहिले तर ती निवांत बोलते. रेकॉर्डिंगमध्ये कात्रीचा आवाज येतो, तो येऊ द्या.

बायकांकडून आणखी एक गोष्ट मिळते जी पुरुषांना सांगता येत नाही : सण. कानबाई शेवटी कोणाच्या घरी बसते, गावाकडच्या मोठ्या घरी की सुरतेच्या, तिच्या नैवेद्याचे रोट कोणी कोणी खायचे, भाऊबंद दोन ठिकाणी विभागले तर दळण कुठे होतं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण सुरतेहून माहेरी येते का, की माहेरच आता सुरतेला आहे आणि ती गावातून तिकडे जाते? दहा घरांतून याची उत्तरं गोळा केलीत तर कुटुंबाचं केंद्र कोणत्या साली कोणत्या बाजूला सरकलं ते दिसेल. अशा वेळी गाणं म्हणायला सांगू नका. आखाजीची गाणी आपोआप आली तर घ्या. ‘एखादं गाणं म्हणा ना’ म्हटलं की मुलाखतीचं स्नेहसंमेलन होतं.

ऊसतोड कामगारांचं वेगळंच प्रकरण आहे आणि खरं सांगायचं तर पहिल्या प्रकल्पात ते घेऊ नका. घ्यायचंच असेल तर हे ध्यानात ठेवा. बारडोली, मढी, चलथाण, सायण या पट्ट्यातल्या कारखान्यांना नंदुरबार, साक्री आणि डांगाकडून टोळ्या जातात. दिवाळीनंतर ट्रक भरतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते, हंगामात पंधरवड्याला खावटी मिळते आणि शेवटी त्यातून सगळं वजा होतं. हिशोब कोयत्यावर होतो. कोयत्यात नवरा-बायको दोघं राबतात, वहीत नाव मात्र पुरुषाचं. यांची बोली अहिराणी नाही, पावरी, भिली, मावची नाहीतर कोकणी (गोव्याची नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची) आहे. तुम्हाला ती येत नसेल तर दुभाषा लागेल, आणि तिथे आपणहून पुढे येणारा माणूस मुकादमच असतो. त्याला दुभाषा करायचं नाही. कितीही गोड बोलला तरी नाही. गावातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी शोधा आणि त्या कामाचे त्याला पैसे द्या. फडात जाऊन मुलाखती घेऊ नका. पहाटे उठून भाकरी थापून दिवसभर तोडणी आणि रात्री-बेरात्री गाडी भरणं, यात तुमच्याशी बोलायला वेळ कुणाला आहे? हंगाम संपल्यावर गावात जा. नाहीतर होळीला. काठी गावच्या राजवाडी होळीच्या दिवसांत सातपुड्यातली माणसं कुठूनही घरी यायची धडपड करतात, तेव्हा बोलणी होत नाहीत पण ओळखी होतात. पडाव बघायला मात्र एकदा हंगामात जाऊन या, कॅमेरा न काढता.

तुमचे काका. त्यांचा उपयोग दार उघडण्यापुरता करा. पुतण्यासमोर काका जे सांगतील ते घरात सांगण्याजोगं असेल, कर्ज, दारू, जमिनीचा भावाभावांतला वाद यात येणार नाही. त्यांची मुलाखत तुमच्या एखाद्या मित्राला घ्यायला सांगा आणि तुम्ही त्या खोलीत बसू नका. हाच नियम सगळ्या नातेवाइकांना. आणि गावातल्या मोठ्यांना जिभाऊ, आप्पा, नाना जे म्हणत असाल तेच सुरतेतही म्हणा. शहरात गेलो म्हणून ‘सर’ सुरू केलंत की समोरचा माणूस तुम्हाला सरकारी समजून मोजून बोलायला लागतो.

आता कोणत्या गोष्टी लिहायच्या नाहीत. कामाचा हा भाग मुलाखतीइतकाच मोठा आहे. काही गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक असतात, तरी नावासकट नोंदवल्या तर माणूस अडचणीत येतो. एकाच माणसाचं नाव गावाच्या आणि सुरतेच्या अशा दोन्ही मतदारयाद्यांत असणं कायद्यात बसत नाही, आणि ग्रामपंचायत निवडणुकीला सुरतेहून गाड्या भरून येतात हे तुम्हीही बघितलं असेल. घराची कागदपत्रं पक्की नसतात. भाडेकरूचा करार नसतो. मालकाबद्दल, ठेकेदाराबद्दल माणूस भरात बोलून जातो आणि सोमवारी त्याला त्याच्याच दारात उभं राहायचं असतं. जातीच्या दाखल्याचा प्रश्न असाच नाजूक. एका राज्यातली अनुसूचित जात-जमात म्हणून मिळणारी सवलत स्थलांतरिताला दुसऱ्या राज्यात मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केलं. त्यामुळे सुरतेत वाढलेल्या मुलांसाठी दाखला गावाचा, शाळा गुजरातेतली, अशा खटपटी घरोघरी चालतात. हे सगळं समजून घ्या. पण प्रसिद्ध होणाऱ्या मजकुरात नाव, गल्ली, खातं, गावाचा ओळखू येईल असा तपशील एकत्र येऊ देऊ नका. आधार, रेशनकार्ड, पासबुक यांचे फोटो काढायचे नाहीत, समोरच्याने स्वतःहून पुढे केले तरी.

संमती कागदावर सही घेऊन मिळत नाही. सहीचा कागद बघितला की आपल्या माणसाला उचल आठवते. रेकॉर्डिंग सुरू करून तोंडी विचारा, उत्तर त्यातच राहू द्या. महत्त्वाचं म्हणजे दोनदा विचारा : बोलण्याआधी एकदा, आणि काही दिवसांनी त्यांना त्यांचंच बोलणं ऐकवून पुन्हा. दुसऱ्या वेळी बरेच जण काहीतरी काढायला सांगतात. काढा, वाद घालू नका. नाव उघड, नाव बदलून, किंवा अमुक वर्षं बंद, असे तीन पर्याय ठेवा आणि तिन्हींचा अर्थ अहिराणीत समजावून सांगा.

यंत्राचं फार कौतुक नको. फोन चालतो. त्याला कॉलरचा माइक लावा, फोन विमान-मोडवर टाका, वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. व्हॉट्सॲपवरून पाठवायचं झालं तर ऑडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लूमच्या खात्याचा आवाज हवा असेल तर तो परवानगी घेऊन वेगळा एक-दोन मिनिटं घ्या. बोलणं दुसरीकडे, गच्चीवर नाहीतर मंदिराच्या ओट्यावर. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि क्रमांक असावा, माणसाचं नाव नसावं. क्रमांक कोणाचा ते सांगणारी वही वेगळी, ती तुमच्याच घरी. सगळ्याच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात.

लिहून काढणं मात्र वेळखाऊ आहे आणि तिथे आळस करू नका. बाई म्हणाली, ‘मन्हाजोडे काहीच नही व्हतं,’ तर तसंच उतरवा. ‘माझ्याकडे काहीच नव्हतं’ हे तिचं वाक्य नाही, तुमचं आहे. आवाजावरून आपोआप मजकूर काढणाऱ्या सोयी अहिराणीची बिनदिक्कत मराठी किंवा हिंदी करून टाकतात, आणि ते वाचायला इतकं सुबक दिसतं की चूक लक्षातच येत नाही. सुरतेच्या अहिराणीत गुजराती आणि हिंदी शब्द मिसळलेले असतात, शेठ, कारीगर, खातं, तपेला. ते गाळू नका. आजोबा, मुलगा आणि नात यांच्या बोलण्यात ही मिसळ कशी बदलते ते नुसत्या लेखनातून पुढच्या अभ्यासकाला मिळेल. नातीची मुलाखत घ्याच. ती महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत गेली की गुजराती की इंग्रजी, हा निर्णय घरात कोणी आणि कशावरून घेतला, एवढा एक प्रश्नही पुरेसा आहे. सुरत महापालिका मराठी, ओडिया, तेलुगू, उर्दूसह अनेक माध्यमांच्या शाळा चालवते, त्यामुळे निवड खरोखरच समोर असते.

ठेवायचं कुठे? हे काम सुरू करायच्या आधी ठरवा, कारण संमती घेताना लोक हेच विचारतात. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून कागद सांभाळत आलं आहे, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. दोन्हीकडे जाऊन ध्वनिफिती कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या अटींवर घेतील ते आधी बोलून घ्या. गावच्या वाचनालयात लिहून काढलेल्या मजकुराची छापील प्रत ठेवा, फक्त ज्यांनी नाव उघड करायला हो म्हटलं त्यांची. सुरतेत ज्या घरी बोललात त्या प्रत्येक घरी त्यांची स्वतःची फाइल पेनड्राइव्हवर द्या, सोबत फोनवर कशी ऐकायची ते दाखवून. संस्थेला देताना एक पानाचं टिपण जोडा : कोणती फाइल कोणत्या पर्यायाखाली आहे, कोणती कोणत्या सालापर्यंत बंद, आणि एखाद्याने उद्या ‘माझं काढून टाका’ म्हटलं तर ते कोणी, कोणाला कळवून काढायचं. त्या टिपणावर घेणाऱ्याची सही आणि शिक्का घ्या. इथे मात्र कागदच लागतो.